लॉरेन्स ऑफ अरेबिया : एक लाख मैल मोटरसायकल चालवणाऱ्या आणि तिच्यावरच जीव गमावलेल्या माणसाची गोष्ट

१९६२ साली आलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा लोकांच्या लक्षात आहे तो वाळवंट आणि उंटांमुळे. पण सिनेमाची सुरुवात वाळवंटात होत नाही, ती होते इंग्लंडमधल्या एका हिरव्यागार गावरस्त्यावर. एक माणूस मोटरसायकल सुरू करतो, वेग वाढवत नेतो. अचानक समोर सायकली येतात आणि तो रस्त्याबाहेर फेकला जातो.

हा प्रसंग खरा आहे. टी. ई. लॉरेन्स यांचा मृत्यू असाच झाला. त्यांच्या हाताखाली जी गाडी होती ती त्या काळातल्या सगळ्यात महागड्या ब्रिटिश मोटरसायकलींपैकी एक होती. तिचं नाव ब्रफ सुपीरिअर.

लॉरेन्स यांच्या युद्धातल्या पराक्रमावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण आयुष्याची शेवटची तेरा वर्षं ते एका मोटरसायकल कारखान्याचे नेमाने गाडी घेणारे आणि नेमाने पत्र लिहिणारे गिऱ्हाईक होते, ही बाजू कमी सांगितली जाते. नवी ब्रिटिश गाडी घ्यायची, ती वाटेत बंद पडली तर पार्ट कोण देणार, कारखाना आपलं ऐकणार का, हे आजच्या मालकांना पडणारे प्रश्न त्यांनाही पडले होते.

प्रसिद्धी नकोशी झालेला माणूस

थॉमस एडवर्ड लॉरेन्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमॅडॉग इथे झाला. शिक्षण ऑक्सफर्डला. सीरियाच्या सीमेवर कार्केमिश इथे उत्खननात काम करताना ते अरबी भाषेत रुळले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश लष्कराला अशा माणसाची गरज होतीच.

१९१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला. लॉरेन्स त्यांचे पुत्र फैझल यांच्याबरोबर राहिले. रेल्वे उडवणं, जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर घेणं, ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कसला पोचणं, या सगळ्यात ते होते.

युद्ध संपलं आणि अरबांना दिलेली आश्वासनं बाजूला पडली. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तो प्रदेश आपसात वाटून घेतला. आपण या फसवणुकीत सामील होतो, ही बोच लॉरेन्स यांना आयुष्यभर राहिली. राजाने देऊ केलेले सन्मान त्यांनी नाकारले.

ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी जगाला चक्रावून टाकणारी गोष्ट केली. एकेकाळचा हा कर्नल 'जॉन ह्यूम रॉस' असं खोटं नाव घेऊन हवाई दलात अगदी खालच्या दर्जाचा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी ते शोधून काढलं आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. मग १९२३ मध्ये ते 'टी. ई. शॉ' या नावाने रणगाडा दलात शिरले आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात परतले.

पहिली ब्रफ त्यांनी घेतली तीही १९२२ सालीच.

यंत्रावरचा विश्वास वाळवंटातून आला

लॉरेन्स म्हटलं की उंट आठवतो. पण मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्याकडे रोल्स-रॉईसच्या गाड्याही होत्या. दगडधोंड्यांतून आणि वाळूतून दौडवलेल्या या गाड्यांनी क्वचितच दगा दिला.

एकदा मात्र एका गाडीच्या स्प्रिंगचा आधार तुटला. जवळपास ना गॅरेज, ना सुटे भाग. ड्रायव्हरने लाकडी फळ्यांचा आधार द्यायचं ठरवलं. फळी कापायला करवत नव्हती, म्हणून लाकडात गोळ्या झाडून ते तोडलं गेलं. मग सगळं तारेने आवळून बांधलं. ही जुगाड केलेली गाडी पुढे थेट दमास्कसपर्यंत गेली.

गाडी चांगली आहे की नाही हे ती बंद पडल्यावर कळतं, हा धडा लॉरेन्स यांना तिथे मिळाला.

ब्रफ सुपीरिअर ही काय चीज होती?

त्या काळात ब्रिटन मोटरसायकल उद्योगात आघाडीवर होता. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, रॉयल एनफील्ड अशी नावं घरोघरी माहीत होती. महायुद्धात ट्रायम्फने सैन्याला सुमारे ३० हजार गाड्या पुरवल्या होत्या.

ब्रफ मात्र वेगळ्या वाटेची होती. नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ब्रफ यांचे वडील आधीपासून 'ब्रफ' नावाने मोटरसायकली बनवत होते. मुलाने १९१९ मध्ये वेगळी चूल मांडली आणि आपल्या गाडीला नाव दिलं 'ब्रफ सुपीरिअर', म्हणजे 'वरचढ ब्रफ'. वडिलांना हे नाव फारसं रुचलं नाही, यात नवल नाही.

या कारखान्यात इंजिन बनत नव्हतं. इंजिन यायचं लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच कंपनीकडून, ज्याला सगळे 'जॅप' म्हणत. गिअरबॉक्स बहुतेक वेळा स्टर्मी-आर्चरचा. बाकीचे अनेक भागही बाहेरूनच. जॉर्ज ब्रफ यांचं काम म्हणजे उत्तमातले उत्तम भाग निवडणं आणि ते नीट जुळवणं.

पण अशा गाडीत एक अडचण असते. वाटेत काही बिघडलं तर जबाबदार कोण? इंजिनवाला गिअरबॉक्सवाल्याकडे बोट दाखवणार आणि गिऱ्हाईक मधल्या मध्ये अडकणार.

जॉर्ज ब्रफ यांनी यावर दोन उपाय केले.

पहिला उपाय जुळणीतला. प्रत्येक गाडी दोनदा जोडली जायची. आधी सगळे भाग बसवून बघायचे, जिथे घासतं किंवा अडतं तिथे ते सुधारायचं. मग गाडी पूर्ण खोलायची, भागांना रंग आणि चकाकी द्यायची आणि पुन्हा जोडायची. त्यामुळे गिऱ्हाईकाच्या हाती गेल्यावर निघणाऱ्या बऱ्याच कुरबुरी कारखान्यातच निघून जायच्या.

दुसरा उपाय हमीचा. 'एसएस ८०' हे मॉडेल ताशी ८० मैल गाठेल आणि १९२४ मध्ये आलेलं 'एसएस १००' ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर गाठेल, याची हमी कारखाना देत असे. चाचणीत गाडी उतरली नाही तर ती परत कामाला जायची. जॉर्ज ब्रफ स्वतः शर्यतीत उतरणारे होते, त्यामुळे हमी देणाऱ्याला गाडी चालवता येते याची गिऱ्हाईकाला खात्री होती.

या सगळ्याची किंमतही तशीच होती. मॉडेलप्रमाणे साधारण १०० ते १८५ पौंड. त्या काळी सामान्य माणसाची आठवड्याची कमाई सुमारे ३ पौंड असे.

पैसे कुठून यायचे?

शिपायाच्या पगारात ब्रफ परवडणं शक्य नव्हतं. लॉरेन्स लेखणीवर कमाई करत. त्यांनी फ्रेंच कादंबरीचं भाषांतर केलं, पुढे होमरच्या 'ओडिसी'चं इंग्रजी गद्य भाषांतरही केलं.

'सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम' हा त्यांचा युद्धवृत्तांत १९२६ मध्ये मोजक्या वर्गणीदारांसाठी इतका देखणा छापला गेला की त्यात त्यांना कर्जच झालं. ते फेडायला त्यांनी संक्षिप्त आवृत्ती काढली. ती धडाक्यात खपली, पण कर्ज फिटल्यावर उरलेला पैसा त्यांनी हवाई दलाशी संबंधित मदतकार्याला देऊन टाकला.

स्वतःसाठी त्यांचे शौक मोजकेच होते. पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, डॉर्सेटमधलं क्लाउड्स हिल नावाचं छोटंसं घर आणि मोटरसायकल. दारू नाही, तंबाखू नाही.

आधी पार्ट, मग विश्वास

लॉरेन्स आपल्या गाडीला 'बोअनर्जीस' म्हणत. बायबलमध्ये येशू आपल्या दोन शिष्यांना या नावाने हाक मारतो, अर्थ होतो मेघगर्जनेचे पुत्र. शिवाय कारखानदाराच्या नावावरून त्यांच्या गाड्यांना 'जॉर्ज' आणि पुढे राजांसारखा अनुक्रमांकही असायचा.

१९२५-२६ मध्ये ते क्रॅनवेलच्या हवाई तळावर होते. तिथून लिंकन आणि नॉटिंगहॅमला त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. बरॅकमधल्या सोबत्यांसाठी लिंकनहून बेकन आणि नॉटिंगहॅमहून सॉसेज आणायचं काम त्यांनी आनंदाने स्वतःकडे घेतलं होतं. एकदा डोक्यावरून जाणाऱ्या ब्रिस्टल फायटर विमानाशी रस्त्यावरून शर्यत लावून त्यांनी ती जिंकली. हा प्रसंग त्यांनी 'द मिंट' या पुस्तकात रंगवून सांगितला आहे.

नॉटिंगहॅम म्हणजे ब्रफचंच गाव. त्यामुळे कारखाना आवाक्यात होता आणि मालकाशी ओळख वाढत गेली.

सप्टेंबर १९२६ मध्ये, परदेशी बदलीवर निघण्याआधी, लॉरेन्स यांनी जॉर्ज ब्रफ यांना एक पत्र लिहिलं. १९२२ पासून आपण एकामागून एक अशा पाच ब्रफ वापरल्या आणि त्यांवर मिळून एक लाख मैल पूर्ण झाले, असं त्यांनी कळवलं.

एक लाख मैल म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर. चार वर्षांत! रोजची सरासरी काढली तर ती १०० किलोमीटरच्या वर जाते. मुंबई ते पुणे हे अंतर हजारएक वेळा कापल्यासारखं. तेही त्या काळच्या रस्त्यांवर आणि टायरवर.

पत्रातला खरा महत्त्वाचा भाग पुढे आहे. १९२२ आणि १९२३ मध्ये आपल्याला कारखान्याच्या सुट्या भागांच्या सेवेचा भरपूर आधार घ्यावा लागला, हे लॉरेन्स यांनी मोकळेपणाने नोंदवलं. म्हणजे इतक्या नावाजलेल्या गाडीलाही सुरुवातीला सारखे पार्ट लागत होते. पण १९२५ आणि १९२६ मध्ये वाटेत गाडी आपणहून बंद पडली असं एकदाही झालं नाही. त्यामुळे आता ती सेवा तपासून बघायची संधीच मिळत नाही, असा मिश्कील शेराही त्यांनी मारला.

ज्या दोन वर्षांत गाडी त्रास देत होती, त्याच दोन वर्षांत कारखान्याने हात झटकले असते, तर लॉरेन्स तिसरी ब्रफ घ्यायला गेले नसते. बिघाड झाला तेव्हा पार्ट मिळाले, पुढचं मॉडेल आधीच्यापेक्षा बरं निघालं, म्हणून गिऱ्हाईक टिकलं. आणि कारखान्यालाही असा माणूस मिळाला जो दरवर्षी हजारो मैल गाडी पिदडून कुठे काय होतं ते नेमकं सांगत होता.

कराची, मुंबई आणि परत

जानेवारी १९२७ मध्ये लॉरेन्स कराचीला पोचले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथल्या ड्रिग रोडवरच्या हवाई तळावर त्यांना विमानांच्या इंजिन दुरुस्तीच्या विभागात कारकुनी काम मिळालं. ब्रफ इंग्लंडमध्येच सुटली होती. १९२८ मध्ये ते अफगाण सरहद्दीजवळच्या मिरानशाहला गेले.

तिथेही प्रसिद्धी आडवी आली. अफगाणिस्तानात राजा अमानुल्लाविरुद्ध बंड पेटलं होतं आणि लॉरेन्स वेष बदलून तिथे कारस्थान करत आहेत अशा बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात ते ठाण्यात टायपिंग करत होते आणि फावल्या वेळात होमरचं भाषांतर. पण सरकारला डोकेदुखी नको होती. जानेवारी १९२९ मध्ये त्यांना मुंबई बंदरातून 'राजपुताना' या बोटीने घाईघाईने मायदेशी धाडण्यात आलं.

इंग्लंडमध्ये मित्रमंडळींनी त्यांच्यासाठी नवी ब्रफ भेट म्हणून तयार ठेवली होती. या मित्रांमध्ये नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट होत्या.

गिऱ्हाईक कारखान्यात शिरतं तेव्हा

फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथजवळच्या समुद्रात हवाई दलाची एक उडती नौका कोसळली. लॉरेन्स यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि ते बचावकार्यातही उतरले. दलाच्या बोटी संथ होत्या. वेगवान बोट असती तर माणसं वाचण्याची शक्यता वाढली असती, हे त्यांच्या मनाने घेतलं.

त्यानंतरची वर्षं ते ब्रिटिश पॉवर बोट कंपनीच्या हाइथ इथल्या कारखान्यात हवाई दलाच्या वतीने बोटींच्या चाचण्या घेत राहिले. इंजिन तापतं का, कुठे गळतं, खलाशाला काय अवघड जातं, याच्या नोंदी करून त्या कारखान्याला द्यायच्या, असं हे काम.

१९३२ मध्ये त्यांनी या बोटींच्या वापराची आणि देखभालीची एक पुस्तिका लिहिली. 'सेव्हन पिलर्स'च्या लेखकाने आपली भाषा इथे फिटरला एका वाचनात कळेल अशी सोपी केली. हे त्यांचं कदाचित सगळ्यात कमी वाचलं गेलेलं पुस्तक. पण चांगलं यंत्र पुरेसं नसतं, ते वापरणाऱ्याला ते सांभाळायचं कसं हेही सांगावं लागतं, हा विचार त्यामागे होता.

त्याच वर्षी त्यांची नवी एसएस १०० नॉटिंगहॅमहून आली. नंबर जीडब्ल्यू २२७५. तिला खास गंज न लागणाऱ्या पोलादाची टाकी बसवली होती. आतापर्यंतची सगळ्यात मऊ चालणारी गाडी, अशी पावती लॉरेन्स यांनी कारखान्याला दिली.

१३ मे १९३५

फेब्रुवारी १९३५ मध्ये लॉरेन्स हवाई दलातून निवृत्त झाले. ब्रिडलिंग्टनचा तळ त्यांनी सोडला तो चक्क साध्या सायकलवरून. आता क्लाउड्स हिलमध्ये निवांत राहायचं होतं. दरम्यान पुढच्या ब्रफची तयारीही कारखान्यात सुरू होती.

१३ मेच्या सकाळी ते ब्रफ घेऊन जवळच्या बॉव्हिंग्टन छावणीतल्या पोस्टात गेले. लेखक हेन्री विल्यमसन यांना जेवायला या अशी तार केली आणि घराकडे निघाले. रस्त्यात चढउतार होते, पुढचं सगळं दिसत नव्हतं. दोन मुलं सायकलवरून चालली होती. त्यांना वाचवायला लॉरेन्स यांनी गाडी वळवली, एका सायकलीला धक्का लागला आणि ते हँडलवरून पुढे फेकले गेले.

डोक्याला जबर मार लागला होता. सहा दिवस ते बेशुद्ध होते. १९ मे १९३५ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. मोरटन गावातल्या अंत्यविधीला विन्स्टन चर्चिल हजर होते.

चौकशीत एका सैनिकाने काळी मोटार गेल्याचं सांगितलं, मुलांनी अशी मोटार पाहिली नव्हती. ज्युरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. घातपाताच्या कथा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत.

गाडीचं नुकसान मात्र किरकोळ होतं. ती नॉटिंगहॅमला परत गेली, दुरुस्त झाली आणि विकली गेली.

गाडी शाबूत राहिली, डोकं राहिलं नाही

दहा वर्षांत ब्रफचं इंजिन सुधारलं, टाकी सुधारली, वेग वाढला. डोक्यावर काय घालायचं याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. ना कारखान्याने, ना लॉरेन्स यांच्यासारख्या जाणकार मालकाने. हेल्मेट शर्यतवाल्यांसाठी असतं, असा समज होता. त्या दिवशी लॉरेन्स यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे तरुण मेंदू शल्यविशारद होते. त्यांना काही करता आलं नाही. पण हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही, असं वैद्यकीय इतिहासकार मानतात.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रात्री दिवे बंद ठेवावे लागत. निरोप पोचवणारे लष्करी मोटरसायकलस्वार अंधारात मरू लागले. केर्न्स यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मरण पावले होते. त्याआधीच्या २१ महिन्यांत हा आकडा १,८८४ होता. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त केर्न्स यांच्याकडे मोजकेच आले, पण ते वाचले होते.

१९४१ मध्ये हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनमधल्या सर्वसामान्य चालकांसाठी ही सक्ती यायला १९७३ उजाडलं. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ती आहे. पुण्यासारख्या शहरात तिच्यावरून आजही वाद झडतात, तेव्हा त्या वादाचं एक टोक डॉर्सेटमधल्या त्या रस्त्यावर असतं.

पुढे ब्रफचं काय झालं?

१९४० मध्ये ब्रफचं उत्पादन थांबलं. कारखाना युद्धकाळात रोल्स-रॉईसच्या विमान इंजिनांसाठी भाग बनवू लागला. युद्धानंतर मनासारखं इंजिन मिळेना, तेव्हा जॉर्ज ब्रफ यांनी मोटरसायकली पुन्हा सुरूच केल्या नाहीत. १९७० मध्ये ते गेले. एकूण सुमारे तीन हजार ब्रफ बनल्या, त्यांतल्या अनेक अजून धावतात. पुढच्या काळात मालकांनीच क्लब काढून सुट्या भागांची सोय केली. आज लिलावात चांगल्या एसएस १०० ला लाखो पौंड मिळतात.

इतर जुन्या ब्रिटिश नावांचा पत्ताही आता बदलला आहे. रॉयल एनफील्ड चेन्नईची झाली. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. शोरूममधून अशी गाडी बाहेर काढणाऱ्या मालकाला चार वर्षांनी दोन गोष्टी कळतील. गाडी किती वेळा वाटेत थांबली आणि थांबली तेव्हा समोरून कोणी उत्तर दिलं का. लॉरेन्स यांनी १९२६ च्या पत्रात हाच हिशेब मांडला होता.